एक नमस्कार, तीन लाथा

हे मी लिहिणारच नव्हतो. खरंच! दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. कारण यात माझी पाठ आहे, आणि माणसाने आपली पाठ आपणच किती लोकांना दाखवायची? पण परवा ईमेल आला आणि आता मला गप्प बसवत नाही. तर ऐका.

मी मेलरॉय. निर्मळला बागेत घर. जपानी शिकलो कुठे? कुठेच नाही! मोबाइलवर. तीन वर्षं केळींना पाणी सोडता सोडता कानात इअरफोन. मी मोठमोठ्याने घोकायचो, त्यामुळे आमच्या केळींनाही आता थोडंफार समजत असेल. मग जपानच्या एका विद्यापीठाचा कोर्स दिसला. एक वर्ष, जपानी भाषा आणि संस्कृती, राहणं-खाणं त्यांचं! आपल्या देशातून जागा फक्त दोन. मी घरात जाहीर केलं, "एक जागा माझी. दुसरीचं त्यांनी बघावं!"

"आधी हा घड धर," डॅडी म्हणाले.

लेखी परीक्षा पास! उरला ऑनलाइन इंटरव्ह्यू. भाषेचं मला टेन्शन नव्हतं. टेन्शन होतं नमस्काराचं! तिथे कमरेतून वाकतात. एकवीस व्हिडिओ बघून मी एक नियम पक्का केला होता: समोरच्या मोठ्या माणसाच्या आधी डोकं वर काढायचं नाही. काढलंत की संपलात!

शनिवारी सकाळी साडेदहाला मी तयार. अंगात डॅडींचा लग्नातला कोट, टाय, आणि खाली पॅन्टसुद्धा. टेबलावर केळीचे दोन क्रेट, त्यावर लॅपटॉप. घरात सगळ्यांना ताकीद: दार ढकलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही.

स्क्रीनवर दोघं आले. मोरिता सर, वयस्कर, डोक्यावर चकचकीत टक्कल. आणि ओगावा मॅडम, हातात पेन. सर उठून उभे राहिले आणि वाकले. मीही वाकलो. एकदम काटकोनात!

एक सेकंद. दोन. पाच. मी डोळे हळूच वर फिरवले. सर अजून वाकलेलेच!

काय नम्र माणूस! मी आणखी खाली गेलो. दहा सेकंद. तीस. पुन्हा बघितलं. टक्कल तिथेच. बाजूला मॅडमही तशाच, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, हीच परीक्षा आहे! चिकाटी बघतायत! अरे, शाळेत अख्खा तास अंगठे धरून उभा राहिलेला माणूस आहे मी. बघा मग!

आता तुम्हांला कळलं असेल. नेट गेलं होतं. स्क्रीन अडकली होती. पण ते तुम्हांला कळलं, मला नाही!

चार मिनिटांनी आईने दार किलकिलं केलं. आई म्हणजे सालोमी, अख्ख्या गल्लीचं दुखणंखुपणं जिच्या तोंडपाठ आहे ती. आम्ही घरात बोलतो ती बोली इथे तशीच लिहिली तर तुम्हांला सबटायटल लागतील, म्हणून साध्या मराठीत सांगतो.

"मेल, काय झालं रे?"

मी गप्प. बोललो असतो तर सरांना ऐकू गेलं असतं.

"पाठ धरली?"

मी मान हलवली. 'नाही' म्हणून! पण वाकलेल्या माणसाची मान कुठल्या दिशेला हलली ते मागून कसं कळणार?

"अहो, या इकडे! पोराची उसण भरली!"

डॅडी धावत आले. त्यांनी मला खांद्याला धरून सरळ करायला बघितलं. मी हटलो नाही. त्यांनी जोर लावला, मी दुप्पट जोर लावून खाली राहिलो.

"आई गं! पार जाम झालाय!" डॅडी घाबरले. "लाकूड झालंय याचं. शेल्डनला बोलवू?"

"विचारता काय? लावा फोन!"

शेल्डन माझा बालमित्र. आणि शेल्डन पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना आधी पाय आले, मग तो. आपल्याकडे पायाळू माणसाने पाठीवर पाय मारला की उसण जाते म्हणतात, तुम्हांला माहीतच आहे. बिचारा सहा वर्षांचा असल्यापासून गावाच्या पाठी बऱ्या करतोय. त्याला कुणी विचारलं नव्हतं! लोक डॉक्टरच्या आधी त्यालाच फोन लावतात. आणि वर हा आमच्या फुटबॉल टीमचा स्ट्रायकर.

चर्चच्या मागच्या ग्राउंडवर त्याची प्रॅक्टिस चालू होती. तीन मिनिटांत स्कूटरवर आला. बूट तसेच, चिखलाने भरलेले, खाली खिळे!

"आंटी, हा तर हलत पण नाय!"

"मार बाबा. तीन. हळू."

"हळू मला येत नाय, आंटी. मी फॉरवर्ड आहे."

मी वाकूनच त्याला हाताने खूण केली: जा! त्याने ती 'ये' अशी वाचली.

पहिली लाथ. डोळ्यांपुढे काजवे! पण सर वाकलेलेच होते, म्हणून मीही. दुसरी लाथ. टाय तोंडात गेला. मी मनात म्हटलं, मेलरॉय, हेच ते जपान, सोसायचं! आणि तिसऱ्या लाथेला, नेमकं तिसऱ्या लाथेला, नेट आलं.

त्यांना काय दिसलं असेल? कोटातला एक मुलगा उडत उडत स्क्रीनकडे येतोय आणि मागे एका माणसाचा पाय हवेत! मी कीबोर्डवर आदळलो. माझं नाक कॅमेऱ्याला टेकलं. आणि तीन वर्षांची तयारी कामाला आली. तोंडातून आपोआप निघालं, "हाजिमेमाश्ते!" म्हणजे, तुम्हांला पहिल्यांदाच भेटतोय, आनंद झाला.

मोरिता सर मागे सरकले. "तुम्ही सुरक्षित आहात का?"

"हो सर."

"तो कोण आहे?"

"मित्र."

"मित्र?"

"खूप जवळचा."

शेल्डनने मागून हात हलवला आणि इतका सुंदर वाकून नमस्कार केला की मला लाज वाटली. आई दारातून ओरडली, "सर, आता बरा आहे हो तो!"

ओगावा मॅडमनी पेन उचललं. "पण त्याने तुम्हांला का मारलं?"

मला थाप मारायची होती. व्यायामाचा प्रकार आहे, असं काहीतरी. पण थाप मारायला शब्दसंग्रह लागतो हो! माझ्याकडे होता तो खऱ्यापुरताच. म्हणून सांगितलं. "माझा मित्र पायांकडून जन्मला. त्याचा पाय औषध आहे. माझी पाठ दुखत नव्हती. मी तुमच्या आधी डोकं वर काढणार नव्हतो."

सरांनी घड्याळ बघून विचारलं, "आमचा कॉल किती वेळ बंद होता?"

"अकरा मिनिटं."

"आणि तुम्ही वाकलेले होतात?"

"हो."

शेवटी निरोपाचा नमस्कार केला, तेव्हा कोटावरचा चिखलाचा अख्खा बूट त्यांना दिसला असणार. मॅडम तोंडावर फाइल धरून हलत होत्या.

त्यानंतर एकोणीस दिवस घरात सुतक! डॅडी माझ्याशी नजर मिळवत नव्हते. एकदा पाणी सोडताना हळूच म्हणाले, "मीच फोन लावला रे. माझ्यामुळे गेलं तुझं वर्ष." गेलंच होतं की!

आणि परवा ईमेल. निवड झाली! झाली!! मी बागेतून असा ओरडत आलो की आईला वाटलं, साप चावला. डॅडींनी तो ईमेल चार वेळा वाचायला लावला, जपानीत!

खाली मोरिता सरांनी स्वतः एक ओळ लिहिली होती. चहाच्या विधीवर अहवाल लिहिणारे विद्यार्थी आमच्याकडे दरवर्षी येतात, तुम्ही मात्र वर्षभर एकाच विषयावर काम करावं: पाठदुखीवरचे लोकांचे घरगुती उपाय, तुमच्याकडचे आणि आमच्याकडचे. सुरुवात तुमच्या मित्रापासून. फोटोसह.

मी धावत ग्राउंडवर. शेल्डनने मला उचलून फिरवलं, मग शेवटची ओळ ऐकली आणि खाली ठेवलं.

"म्हणजे आता जपानवरून पण फोन येणार मला? ए मेल, मला लग्न करायचंय! पोरीकडचे विचारतात मुलगा काय करतो, तर लोक सांगतात, लाथा मारतो!"

म्हणून त्याला तिथेच, त्याच्या बुटावर हात ठेवून वचन दिलंय. शेल्डन, फोटोत तुझा चेहरा येणार नाही, फक्त पाय. आणि जपानीत तुझं नाव कुठ्ठे येणार नाही, शप्पथ!

मराठीचं आपलं काही बोलणं झालं नव्हतं.