तारेवरचं धुणं

रविवारी सकाळी प्रेमदास गच्चीवर गेला आणि त्याचं डोकंच फिरलं. त्याच्या अँटेनाच्या तारेवर शेजारच्या भागीरथाबाईंनी धुणं वाळत घातलं होतं.

"मावशी, हे तार काय धुण्याची दोरी हाय?"

"कालपासून टाकून राह्यली मी. काल तं काई बोलला नाई!" बाईंनी कपडे गोळा केले आणि तणतणत निघून गेल्या.

प्रेमदासचा जीव आधीच टांगणीला लागलेला. तळेगावच्या रेडिओ क्लबाचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा सेट त्याने हट्टाने दुरुस्त केला होता. आज क्लबासमोर त्यावरून कुणाशी बोलणं झालं नाही, तर सेट भंगारात जाणार होता. काल प्रेमदास त्यावरून थेट भोपाळशी बोलला होता. पण ऐकायला घरात मांजरीशिवाय कुणी नव्हतं.

क्लबाची अध्यक्ष रोशनी चौघांना घेऊन आली. प्रेमदासने हाक घातली. सेट नुसता खरखरला. त्याने व्हॉल्व्ह पुसले, फ्यूज बदलला, शेवटी सेटच्या पाठीत एक धपाटाही घातला. व्यर्थ!

"काका, काल अन् आजमंदी फरक काय हाय?" सेट भंगारात घालायची घाई रोशनीलाच होती, पण कोडं सुटल्याशिवाय तिला राहवेना.

प्रेमदासने कपाळावर हात मारला. "मावशीचं धुणं! काल सेट जुळवला तवा ते तारेवर होतं. ओल्या कपड्यानं तारेचं सारं गणित बदलते."

"मंग आता परत जुळवा."

"कसा जुळवू? जुळवाचं बटन कालच तुटून हातात आलं."

गरजवंताला अक्कल नसते. प्रेमदास भागीरथाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मावशी, ते कपडे परत टाकता का तारेवर? ओले पाह्यजेत."

"मघाच वाळले ते. ऊन पाह्य ना कसं हाय!"

"मंग परत भिजवा न!"

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पण त्या खोक्यातून कोण बोलतं, याचं कुतूहल त्यांनाही होतंच. बादलीभर कपडे भिजवून त्यांनी ते कालच्यासारखे टांगले आणि खाली सेटपाशी येऊन बसल्या.

आणि भोपाळ बोललं! अगदी खणखणीत. रोशनीने टाळ्याच वाजवल्या. पलीकडच्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "आवाज बहुत बढ़िया आ रही है. अँटेना कौनसा है?"

रेडिओवर खोटं बोलायचं नाही, हा क्लबाचा नियम. प्रेमदासने माइक तोंडाशी धरला. "तार है जी. उसपर दो साड़ी, एक सतरंजी. गीली."

भागीरथाबाईंनी मागून त्याच्या खांद्याला टोचलं.

"परकर सांगाचा राह्यला ना!"