गच्चीवरून ऑस्ट्रेलिया गायब

"तात्यासाहेब, काल दुपारी तुम्ही ऑस्ट्रेलिया कुठं ठेवलात?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. मोनालीनं तो जिन्यातच विचारला, सोसायटीच्या अध्यक्षांच्या हातात दुधाची पिशवी असताना. संशयिताला बेसावध गाठायचं, हे तिचं तत्त्व. चिकलठाण्यातली ती सर्वांत तल्लख गुप्तहेर. नजर ससाण्याची, कान हरणाचे आणि इयत्ता दहावी. यापूर्वी तिनं हरवलेला चपलांचा जोड शोधून दिला होता. दोन्ही चपला डाव्या पायाच्या निघाल्या, पण तो चपलांचा दोष.

प्रकरण गंभीर होतं. सुट्टीत ती इमारतीतल्या पोरांचा छंदवर्ग घेत होती. पोरांनी कणीक आणि मीठ मळून सगळे खंड बनवले. हळद घातलेला, तळहाताएवढा ऑस्ट्रेलिया सात वर्षांच्या सोनियाचा. संध्याकाळी प्रदर्शन होतं. नकाशा पूर्ण दिसला तर वर्ग चालू, नाहीतर सोमवारपासून दिवसभर शिकवणी, असं बाबांनी बजावलं होतं. आणि गच्चीवर वाळत घातलेल्या जगातून नेमका ऑस्ट्रेलिया गेला होता.

तात्यासाहेबांनी तो पाहिलेला नव्हता. पण त्यांचा पुतण्या सिडनीला असतो, हे मोनालीनं हेरलं. आठवण आली की माणसाचा हात अशा वस्तूकडं जातो.

"आठवण आली तर फोन करतील ना," सहायक रूपा म्हणाली. "कणकेशी काय बोलणार?"

"हाच तर धूर्तपणा."

दुसरा संशय कबुतरावर होता. त्यानं आशिया का सोडला, याचं उत्तर न मिळाल्यामुळं त्याला जामीन मिळाला. तिसरा तर्क शास्त्रीय होता. खंड सरकतात, हे पुस्तकातच आहे. मोनाली पट्टी घेऊन पाण्याच्या टाकीमागपर्यंत गेली. तिथं क्रिकेटचा चेंडू सापडला. तो ग्रह असू शकला असता, पण प्रकरण खंडाचं होतं.

शेवटी सोनियाची साक्ष झाली. "ताई, ऑस्ट्रेलियाच्या चारी बाजूंनी पाणी असतंय ना, म्हणून मी त्याला लांब ठेवलं. शेजारच्या द्वारकाकाकूंनी वाळवणाला पसरलेल्या निळ्या साडीवर."

मोनालीनं तिच्या भूगोलाचं कौतुक केलं आणि साक्षीला काही अर्थ नाही म्हणून तिला घरी पाठवलं.

दुपारी जेवायला बसल्यावर स्वयंपाकघरातून आईचा वैतागलेला आवाज आला.

"हा सांडगा लई मोठा हाय गं, तेलात फुगंना की."

काल वारा सुटल्यावर आईनंच सगळ्यांचं वाळवण गोळा केलं होतं. ज्या साडीवरचं ते त्या साडीच्या मालकिणीच्या डब्यात, अशी या इमारतीची रीत. आज सकाळी द्वारकाकाकूंनी नव्या सांडग्यांचं ताट घरोघरी पाठवलं. कढईत काय आलंय, ते आईनं झाऱ्यावर उचलून बघितलं.

"याला खाली काडी टोचून एक बारका तुकडा लावलाय. तुमचाच दिसतोय."

तो टास्मानिया होता, ऑस्ट्रेलियाखालचं बेट.

संध्याकाळी तळलेला, तपकिरी ऑस्ट्रेलिया नकाशावर चिकटवला गेला. तो असा का, असं तात्यासाहेबांनी विचारलं. सोनियानं समजावून सांगितलं की मधोमध वाळवंट आहे, तिथं लई ऊन पडतं, कडेला समुद्र म्हणून माणसं कडेकडेनं राहतात. तात्यासाहेब म्हणाले, पुतण्या इतकी वर्षं तिथं राहतो, पण हे त्यानं कधी सांगितलं नाही. बाबांनी बोट लावून खंड मोजले, सातही भरले.

घरी आल्यावर मोनालीनं जाहीर केलं, "बाबा, वर्ग चालू राहणार. अभ्यास मी पहाटे करीन. आणि आई, गुप्तहेर खातं आजपासून तुझ्याकडं. पुढच्या आठवड्यात अंटार्क्टिका नव्यानं करतोय, पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या पिठाचा. तो तळायचा नाय."