सायबाच्या बगिच्याची वाटणी

किसनराव मोहोड मला नावाने हाक मारत नाहीत. भर बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला त्यांनी मला "ओ बाक!" म्हणून बोलावलं. आणि मी एकटाच नाही. शेजारचे वानखडे सर त्यांच्या लेखी 'फवारा' आहेत, इंगळे काकू म्हणजे 'मागचं गेट', आणि कॉलनीतले हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर म्हणजे 'मुतारीची भिंत'. डॉक्टरांनी एकदा तक्रार केली, तेव्हा किसनराव शांतपणे म्हणाले, "चिठ्ठीत निघाली साहेब. मी काही मनानं देल्ली नाही."

ही भानगड समजायची तर आधी बगीचा समजून घ्यावा लागेल. अमरावतीत आमच्या कॉलनीला लागून सायबाचा बगीचा आहे. कोण्या इंग्रज साहेबाने मडमेच्या हौसेसाठी केला म्हणतात. मध्ये बँड वाजवायचा गोल चौथरा, दगडी कारंजं, म्हणजे आमचा फवारा, कडेने चिंचेची जुनी झाडं. आमच्या लहानपणी संध्याकाळी तिथे माणसं बसत. पुढे म्हशी बसायला लागल्या, मग पत्ते खेळणारे, मग काटेरी झुडपांनी दोघांनाही हाकलून दिलं. शेवटी पालिकेच्या लक्षात आलं की गाड्या उभ्या करायला ही जागा झकास आहे.

कॉलनी पेटून उठली. म्हणजे समिती झाली. बगिच्यात झाडं उरली होती त्यापेक्षा समितीत उपाध्यक्ष जास्त होते. मेणबत्त्या लावून झाल्या, फोटो काढून झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला आणि त्यावर परगावच्या बागांचे फोटो टाकून लोक एकमेकांना सुप्रभात करू लागले. बगिच्यातला एक काटा कोणी उपटला नाही. शेवटी पालिकेच्या मुख्य अधिकारी बाईंनीच समितीला सुनावलं, "बाग लोकांना हवी आहे म्हणता ना? दिवाळीनंतर मी स्वतः बघायला येते. लोक बाग सांभाळताना दिसले तर राहील. नाही तर गाड्या."

त्यानंतरच्या सभेत सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले होते. तेव्हा मागच्या रांगेतून किसनराव उठले.

किसनराव मोजणी खात्यातले. भावाभावांची वावरं साखळीने मोजायची आणि मधोमध खुंट ठोकायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाले, पण साखळी काही सुटली नाही. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचा एकच इलाज, "मोजून टाकू!" आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर तीर्थ घ्यायच्या आधी पावलांनी हॉल मोजला आणि बिल्डरने आम्हाला कसं फसवलं ते भटजींसकट सगळ्यांना ऐकवून गेले. प्रसादही घेतला नाही. आमची सौ. त्यांचं नाव काढलं की अजून कढईत उलथनं आपटते.

तर ते उठले आणि म्हणाले, "सार्वजनिक म्हटलं का मानूस थुकते. माह्यं म्हटलं का मानूस मरते. बगीचा वाटून टाका."

लोक हसले. किसनराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी साखळी आणि चुना घेऊन हजर. घरटी एक तुकडा पाडला, चिठ्ठ्या टाकल्या. मोडक्या बाकाचा तुकडा मला आला, म्हणून मी बाक.

आणि काय सांगू, माणूस बरोबर निघाला! समितीत वर्षभर खुर्चीतून न हललेले उपाध्यक्ष पहाटे कुदळ घेऊन धावत सुटले. काटे गेले, पाणी आलं, कारंज्याची दगडी कमळं घासून निघाली. डॉक्टरांनी मुतारीच्या भिंतीला असा रंग दिला की लोक तिथे उभं राहायला लाजू लागले. वर्षानुवर्षं न दिसलेला बगीचा महिन्याभरात दिसायला लागला.

पण आमची वऱ्हाडी माणसं. जमिनीचा तुकडा मिळाला की शहरात तीन पिढ्या काढलेला माणूसही पुन्हा शेतकरी होतो. इंगळे काकूंनी मेथी टाकली. वानखडे सरांनी तूर पेरली आणि विचारलं तर म्हणाले, शोभेची आहे. मग एकाने आपल्या हद्दीवर मातीचा बांध घातला. आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात, आणि धुरा आला की भांडण आमंत्रणाची वाट बघत नाही.

"तुमच्या चिचेचा कचरा माह्या हद्दीत पडून राहिला," वानखडे सर.

"मंग चिचाबी तुमच्याच हद्दीत पडते," इंगळे काकू. "त्या काहून वापस नाही करत?"

किसनरावांची तर चैन होती. सकाळ-संध्याकाळ साखळी घेऊन न्याय देत फिरायचे. "फवाऱ्याचा खुंट बोटभर सरकला" हे वाक्य ते इतक्या आनंदाने म्हणायचे की वाटावं, नातू झाल्याची बातमी सांगताहेत. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

दिवाळी झाली. अधिकारी बाई उद्या येणार म्हणून आम्ही सगळे चौथऱ्यावर चढून पाहायला गेलो. खाली हिरवागार बगीचा होता, पण धुरे, तारा आणि 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशा पाट्यांनी त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. हे पाहून कुठल्याही अधिकाऱ्याने एकच शब्द लिहिला असता, अतिक्रमण. बगीचा आम्हीच घालवला होता.

सगळे धुरे काढायचे, हे एकमताने ठरलं. सुरुवात शेजाऱ्याच्या धुऱ्यापासून करायची, हेही प्रत्येकाने एकमतानेच सांगितलं. तारेला हात लावाल तर बघून घेईन, इथपर्यंत मजल गेली. किसनराव मात्र एका कोपऱ्यात साखळी गुंडाळत बसले होते.

सकाळी उजाडताना मी गेलो, तर किसनराव एकटे बगिच्यात. हातात फावडं, अंगावर घाम, आणि पहिल्या रांगेतले धुरे सपाट.

"काय किसनराव, फेरमोजणी का?" मी टोमणा मारला.

ते थांबले नाहीत. माती ओढता ओढताच बोलायला लागले. "गावाकडं, शेंदूरजन्याले, आमची संत्र्याची बाग हाये. बाप गेला, तवा रामू, माहा लहाना भाऊ, म्हने दादा, राहू दे, संगंच करू. मी म्हटलं, नाही, साफ वाटनी पायजे. अन् मीच मोजलं. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. माह्या हातानं धुरा घातला. तईपासून रामू बोलत नाही."

"पण भांडण कशावरून झालं?"

"भांडन झालंच कुठं! तेच तं रडनं हाये. मोजनी चुकली असती तं शिव्या द्याले तरी आला असता."

मला एकदम फार वाईट वाटलं. मी माझ्या बाकापुढचा धुरा पायाने मोडायला लागलो. थोड्या वेळाने इंगळे काकू आल्या. दोघा म्हाताऱ्यांना माती ओढताना पाहून त्यांनी पदर खोचला आणि आधी स्वतःचीच तार सोडवली. मग वानखडे सर आले, डॉक्टर आले. ज्याने त्याने आपापला धुरा ओढला. पाट्या उपटून काकूंच्या स्कूटीवर लादल्या.

बाई आल्या. सगळा बगीचा फिरल्या, कारंज्याच्या कमळावरून हात फिरवला. मग मेथीपाशी थांबल्या. "ही कोणाची?"

"सगळ्याइची," काकू म्हणाल्या. जीभ चावूनच म्हणाल्या असणार, पण म्हणाल्या.

बगीचा राहिला. गाड्या दुसरीकडे जातील असं बाईंनी तिथेच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे मागवले, आणि उपाध्यक्षांची फोटोसाठी ढकलाढकली सुरू झाली. किसनराव त्यात नव्हते. ते चिंचेखाली बसले होते. मी पेढा घेऊन गेलो तर म्हणाले, "तुमच्या मोबाइलवरून एक फोन लावून द्या. माहा नंबर दिसला का तो उचलत नाही."

मी लावला. पलीकडून आवाज आला, "हालो, कोन?" किसनरावांकडे फोन दिला, तर त्यांनी तो विस्तव हातात आल्यासारखा परत माझ्याकडे सरकवला. "तुमीच बोला," ते कुजबुजले. "विचारा, औंदा आंबिया बहार कसा हाये."

मला संत्र्यातलं सालाशिवाय काही कळत नाही. पण विचारलं. रामूभाऊ मला व्यापारी समजले असावेत. बहार, फळांची गळ, भाव, पाणी, सगळं तपशिलाने सांगत सुटले. मी हो हो करत होतो, आणि किसनराव माझ्या कानाला कान लावून प्रत्येक शब्द ऐकत होते. त्यांचे डोळे वाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. एक हुंदका आला, तो त्यांनी खाकरून दाबला.

पलीकडचा आवाज मध्येच थांबला. 

मग रामूभाऊ हळूच म्हणाले, "दादा, बोल ना."

मी फोन किसनरावांच्या हातात दिला आणि तिथून उठलो.