न दिसलेल्या आगीचा दाखला

रविवारची प्रार्थना आटोपून दुपारी एकच्या सुमारास वेंडेल क्रेबिल आपली शर्यतीची गाडी घेऊन तपासणीच्या शेडमध्ये हजर झाला, आणि अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तो निर्वस्त्र आहे, असे त्याला अधिकृतपणे कळवण्यात आले.

तसे पाहिले तर त्याच्या अंगावर पाच थरांचा अग्निरोधक सूट होता. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, हातात जाड मोजे, डोक्यावर डोळ्यांपुरती फट असलेली दुहेरी टोपी. कॅन्ससच्या जुलैतल्या उन्हात तो आतल्या आत शिजत होता. पण तपासनीस रॉयस टटल यांनी त्याच्या डाव्या खांद्यावरचे प्रमाणपत्राचे लेबल भिंगाखाली धरले होते.

“हा दोरा निळा आहे,” टटल म्हणाले.

“हो,” वेंडेलची बायको वर्ना म्हणाली. “पांढरं रीळ संपलं होतं. लेबल एका बाजूनं उसवलं होतं, म्हणून मीच चार टाके घातले.”

टटल यांनी भिंग घडी करून खिशात ठेवले. आवाज कधीही न चढवणारा मनुष्य. “मिसेस क्रेबिल, लेबल कारखान्यानं शिवलेलं असावं लागतं. घरी शिवलं, की ते लेबल राहत नाही. आणि लेबल नाही म्हणजे सूट नाही.”

“मग हे त्याच्या अंगावर काय आहे?”

“त्याबद्दल नियमावलीत काही म्हटलेलं नाही.”

“अहो, निदान कापडाला हात लावून तरी बघा! पाचही थर शाबूत आहेत. मी स्वतः हातानं धुते, सावलीत वाळवते.”

“कापड तपासणं माझ्या अधिकारात येत नाही,” टटल नम्रपणे म्हणाले. “बावीस वर्षांत मी एकाही कापडाला हात लावलेला नाही.”

वर्नाला शर्यतीतले फारसे कळत नसे आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पाव मैलाच्या सरळ धावपट्टीवर दोन माणसांनी सात-आठ सेकंद जीव धोक्यात घालायचा आणि मग आठवडाभर त्यावर बोलायचे, यात पुरुषांना काय मिळते, हे देवालाच ठाऊक. वेंडेल पहिला आला काय नि शेवटचा आला काय, तो कातडीसकट घरी यावा, एवढेच तिचे मागणे होते. त्याला कारण होते. त्याची गाडी पेट्रोलवर नव्हे, मिथेनॉलवर पळे. हे अल्कोहोल पेटले तर ना धूर, ना भडका. भर उन्हात त्याची ज्वाळा दिसतच नाही. माणूस जळत असतो आणि बघणाऱ्याला वाटते, माशा वारतोय. म्हणून वेंडेलच्या वडिलांच्या काळापासून अशा गाडीमागे लांब दांड्याचा गवती झाडू ठेवायची रीत होती. शंका आली की झाडू पुढे धरून चालत जायचे. झाडू पेटला, की आग तिथे आहे असे समजायचे.

पूर्वी आगीचा बंबही नुसत्या शंकेवर पाणी मारी. पण गेल्या मोसमात क्लिफर्ड नूनन नावाचा चालक शर्यत जिंकला आणि गाडीबाहेर येऊन आनंदाने हातपाय झाडू लागला. बंबप्रमुख ऑर्विल बीझली याने त्याला नखशिखान्त भिजवले. नूनन पेटलेला नव्हता. त्याला नाचता येत नव्हते, इतकेच. त्याने लेखी तक्रार केली. सुरक्षा समितीच्या तीन बैठका झाल्या आणि सत्तेचाळिसावा नियम जन्माला आला: ज्वाळा प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसल्याखेरीज पाणी सोडू नये.

“अर्धा तास देतो,” टटल म्हणाले. “लेबल असलेला एखादा सूट मिळाला तर बघा.”

सूट मिळाला. शेजारच्या तंबूतल्या डोनी लुंडक्विस्टचा. डोनी हा दीडशे किलोंचा, मोकळ्या मनाचा गृहस्थ.

“लेबलाचं म्हणशील तर एकदम कोरं करकरीत,” तो वेंडेलला म्हणाला. “सूटचं मात्र विचारू नकोस बाबा. आमच्या डॉलीनं त्याच्यावर सात पिलं घातली.”

डॉली ही त्याची कुत्री. पिलांनी आतले थर कुरतडले होते, दोन्ही कोपरांना भोके होती, आणि पाठीवर इंजिनच्या तेलाचा एक मोठा डाग होता. टटल यांनी खांद्यावर भिंग धरले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! असा सूट पाहिला की समाधान वाटतं.”

“अहो, कोपरातून हात बाहेर येतोय!”

“लेबल खांद्यावर असतं, मिसेस क्रेबिल.”

वर्नाने सूट वेंडेलच्या अंगाला लावून पाहिला. त्या सूटमध्ये दोन वेंडेल मावले असते. “टटलसाहेब,” तिने हळूच विचारले, “आत काय घालावं, याचा काही नियम आहे का?”

टटल यांनी नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. “आतले कपडे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.”

तंबूच्या आडोशाला तिने जुन्या सूटवरच डोनीचा सूट चढवला.

“वर्ना, उकडून मरेन गं मी!”

“उकडून कुणी मरत नाही. गप बाहीत हात घाल.”

वेंडेल जिंकला. गाडी थांबण्याच्या जागी त्याला आणायला वर्ना नेहमीप्रमाणे पिकअप घेऊन कडेच्या रस्त्याने निघाली. मागे, उघडलेल्या फळीच्या अगदी कडेला, थंड पेयांच्या बाटल्यांचा बर्फाच्या पाण्याने भरलेला टब होता. आणि झाडू.

ती पोहोचली तेव्हा वेंडेल नाचत होता.

बासष्ट वर्षांचा, गुडघे दुखणारा, लग्नातसुद्धा भिंतीला टेकून उभा राहिलेला वेंडेल क्रेबिल दोन्ही हात झाडत होता, छाती बडवत होता. मग तो गुडघ्यांवर बसला आणि जमिनीवर लोळू लागला. समोरचा प्रेक्षकवर्ग उठून उभा राहिला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, “बघा मंडळी, या वयात काय हा उत्साह!”

“ऑर्विल, पाणी सोड!” वर्ना किंचाळली.

ऑर्विल पाइप रोखून तयारच उभा होता. मनुष्य कर्तव्यदक्ष. त्याने डोळ्यांवर हाताची सावली धरली होती. “ताई, ज्वाळा दिसत नाही गं!”

“जळतोय तो!”

“मलाही तसंच वाटतंय. पण नुसतं वाटून भागत नाही. नूननच्या वेळी मला असंच वाटलं होतं, आणि अजून माझी चौकशी चालू आहे.”

वर्नाने झाडू उचलला, पुढे धरला आणि चालू लागली. चौथ्या पावलाला गवताची टोके काळी पडली, मुडपली आणि पिवळीधमक पेटली.

“ही घे ज्वाळा! दिसली?”

“दिसली,” ऑर्विलने प्रामाणिकपणे कबूल केले. “पण ती झाडूची आहे.” त्याने वायरलेस तोंडाशी धरला. “टटलसाहेब, झाडूची ज्वाळा ग्राह्य धरायची का?”

थोडी खरखर झाली. मग टटल यांचा शांत आवाज आला, “झाडूवर लेबल आहे का?”

वर्नाने झाडू फेकला. “वेंडेल, इकडे! माझ्या आवाजाकडे लोळ!” वेंडेल लोळत पिकअपपाशी आला आणि तिने सारा जोर लावून टब कडेवरून खाली ओढला. पाणी, बर्फ, अकरा बाटल्या आणि लोणच्यातल्या काकड्यांची एक बरणी त्याच्या अंगावर कोसळली. प्रेक्षकांच्या हसण्याला पारावार राहिला नाही. त्याच सुमारास ऑर्विलने पाणी सोडले आणि नियमानुसार झाडू विझवला.

डोनीच्या सूटच्या चिंध्या झाल्या होत्या. आतल्या सूटचे वरचे दोन थर करपले होते, तिसऱ्याला झळ लागली होती, उरलेल्या दोहोंखाली वेंडेल होता. डाव्या मनगटावर मोजा आणि बाही यांच्यामध्ये बोटभर जागा उरली होती, तेवढी भाजली. बाकी कातडी जशीच्या तशी. आणि त्या काळ्या चिंध्यांमध्ये, डाव्या खांद्याच्या जागी, लेबल मात्र शाबूत होते. पांढरा दोरा जरासुद्धा पिवळा पडलेला नव्हता. एवढ्या सगळ्या सामानात नीट बनवलेली वस्तू ती एकच असावी.

समितीने आठ दिवसांत चौकशी पूर्ण केली. अहवाल टटल यांनी क्रेबिल पतिपत्नींना कचेरीत बोलावून स्वतः वाचून दाखवला. उपस्थित चारशे बारा प्रेक्षकांपैकी एकालाही ज्वाळा दिसलेली नाही. सबब आग लागलेली नाही. सदर आगीपासून चालकाचा बचाव मान्यताप्राप्त लेबलामुळे झाला. सबब ते लेबल काचेच्या पेटीत ठेवण्यात यावे. मात्र लेबलयुक्त सूटखाली एक बेकायदेशीर वस्त्र आढळून आल्याने यापुढे कोणीही आत काहीही जाड घालू नये.

“जी आग लागलीच नाही,” वर्नाने विचारले, “तिच्यापासून लेबलानं वाचवलं कसं?”

“लेबल चांगलं असलं की असंच होतं,” टटल समाधानाने म्हणाले आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “आता फक्त आपली सही राहिलीय. फाइल बंद झाली की वेंडेल पुढच्या रविवारी पळायला मोकळा. त्याच्यासाठी नव्या लेबलाचा सूटही पाहून ठेवलाय. जरा पातळ आहे, पण उन्हाळ्याला बरा.”

कागदावर चारशे बारा सह्या होत्या आणि वर एकच प्रश्न होता: आपण ज्वाळा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्या काय? हो किंवा नाही.

वेंडेल बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन तिच्याकडे आशेने बघत होता. “कर ना सही, वर्ना. खरं तेच तर लिहायचंय.”

वर्नाने पेन उचलले. ‘हो’ला गोल केला, तर फाइल उघडी राहणार, वेंडेल घरी राहणार. एका शब्दाचे काम. पण तिने नवऱ्याला लोळताना पाहिले होते, झाडू पेटताना पाहिला होता, मनगटाची कातडी सोलवटलेली पाहिली होती; त्याच्या अंगावरची ज्वाळा काही पाहिली नव्हती. आणि साठ वर्षांत ती देवापुढे किंवा माणसापुढे खोटे बोलली नव्हती.

“बाजूला झाडूचं लिहिलं तर चालेल?”

“समासातला मजकूर बाद धरतात.”

तिने ‘नाही’ला गोल केला आणि सही केली. टटल यांनी कागद फुंकर मारून वाळवला. “धन्यवाद. हल्ली इतकी खरी माणसं कुठं मिळतात!”

तिच्या सहीखाली एक ओळ अजून कोरी आहे. कोणाचे नाव राहून गेले असेल, म्हणून टटल यांनी ती मोकळी ठेवली आहे. आपण तर तपासणीच्या शेडपासून इथपर्यंत हजर आहात. वेंडेल नाचत होता तेव्हाही होतात. काकड्यांची बरणी पडली तेव्हा थोडे हसलातही असाल. ज्वाळा दिसली का कुठे?

नाही ना? मग हे घ्या पेन.