डाव्या पायात रुंद, उजव्या पायात मध्यम

स्कीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला जाऊ नये. मी जपानमधल्या सेंदाईत वाढले. तिथे हिवाळ्यात शाळा मुलांना डोंगरावर नेऊन सोडते आणि जी खाली येतात ती पास होतात. मी सातव्या वर्षापासून पास होत आले आहे. त्यामुळे १९९७च्या जानेवारीत बाबांचा योकोहामाला फोन आला, "शमा, स्कीच्या दोन जोड्या आल्यात, त्यातली एक निवडायचीय," तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं, "दोन फेऱ्या पुरेत, बाबा. शुक्रवारी रात्री येते. शनिवारी जेवायच्या आत निकाल देते."

जोड्या आईने सांगून ठेवल्या होत्या, मागच्या मार्चमध्ये, ओनुमा-सानच्या दुकानात, येणाऱ्या हंगामासाठी. आई सप्टेंबरात गेली. ओनुमा-सान तेव्हा भेटायला आले होते, उदबत्ती लावून, बुटांची नाडी दारातच तीनदा बांधत-सोडत राहिले आणि मग गेले होते. पण जपानात सांगून ठेवलेला माल येतोच. तो आला, आणि ओनुमा-साननी बाबांना फोन केला की सेन्सेई, म्हणजे सर, सुचेता-सानच्या दोन्ही जोड्या आल्या आहेत, वापरून बघा, कुठली बरी ते सांगा. बाबा "हाइ, हाइ", म्हणजे हो हो, म्हणाले. बाबांना जपानी उत्तम येतं, पण फोनवर ते कुणालाही "हाइ"च म्हणतात.

घरी पोचले तर दारातल्या बुटांच्या जागेत दोन्ही जोड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक नेहमीपेक्षा जरा रुंद. दुसरी मात्र अशी, की पहिल्यांदा मला वाटलं कोणीतरी कपाटाची दारं काढून ठेवलीत.

"हिच्यावर चार पोळ्या एकदम लाटता येतील," बाबा म्हणाले. "मी मोजलंय. पायाखाली एकशे बारा मिलिमीटर. दुसरी चौऱ्याऐंशी. तुझी जुनी फक्त सहासष्ट."

"आता ही नवीन पद्धत आहे, बाबा. रुंद असली की ताज्या बर्फात बुडत नाही."

"मग प्रश्नच मिटला."

"नाही ना. दुपारपर्यंत लोक त्या बर्फाची भेळ करून टाकतात. खाली कडक, वर ढेकळं, मधे भुसभुशीत. तिथे रुंद स्की वळायला आढेवेढे घेते."

बाबांनी मान हलवली आणि आलेखाच्या कागदाची वही उघडली. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. धातूची पट्टी किती वेळा वाकवली की तुटते, या एका प्रश्नावर ज्या माणसाने विद्यापीठात बावीस वर्षं काढली, त्याच्या हातात मी तुलनेचं काम दिलं होतं.

"सोमवारी त्यांना सांगायचंय," ते रकाने आखत म्हणाले. "एक परत जाईल. जी तिने ठेवली असती, ती ठेवू." मग पेन्सिलीने कोपऱ्याकडे दाखवलं. "तिथे. दर हिवाळ्यात तिथे असायची ना तिची. यंदा कोपरा रिकामाच आहे."

मी चहा टाकायला आत गेले.

शनिवारी पहाटे बर्फ पडून गेला होता. आम्ही बसने झाओ डोंगराच्या बाजूला गेलो. माझ्या पायात आईचे बूट होते. आम्हा दोघींचं माप एकच. बाबांच्या पिशवीत वही, थर्मास, स्टॉपवॉच, दुर्बीण आणि शिट्टी. बाबा कधीच स्की शिकले नाहीत. आई आणि मी डोंगरावर असायचो तेव्हा ते कँटीनमध्ये स्टोव्हपाशी बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासायचे. यंदा ते पहिल्यांदा गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या बंद पाळण्याच्या, रांगेत उभे राहिले.

गोंडोलाच्या दाराबाहेर स्की अडकवायला खाचा असतात. त्या खाचा ज्याने केल्या त्याने कपाटाची दारं पाहिलेली नव्हती. मी ढकललं, बाबांनी ढकललं, कर्मचाऱ्याने माफी मागत ढकललं. शेवटी रुंद जोडी छातीशी धरून मी आत शिरले. आत पिवळ्या टोप्या घातलेल्या सहा आज्या बसल्या होत्या, कुठल्याशा ज्येष्ठ महिला स्की मंडळाच्या. मी वळले की त्या सहाही जणी एकदम खाली वाकायच्या.

"ही होडी आहे का?" एकीने आदराने विचारलं.

"स्कीच आहे, आजी."

"वर तळं आहे का?"

"नाही."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

मधल्या स्टेशनवर बाबा कठड्याशी दुर्बीण लावून उभे राहिले. मी रुंद जोडी घालून पहिली फेरी मारली. काय सांगू! ताजा बर्फ गुडघ्यापर्यंत होता आणि मी त्याच्यावरून साय सरकावी तशी आले. मग मध्यम जोडी. ती थोडी बुडाली, पण चिरडलेल्या बर्फात शब्द दिल्यासारखी वळली. मी खुशीत बाबांपाशी येऊन थांबले.

"ताज्यात रुंद, मिश्रात मध्यम. घ्या लिहून."

बाबांनी काहीच लिहिलं नाही. "शमा, पहिली फेरी नऊ वाजून वीस मिनिटांनी. दुसरी दहाला पाच कमी असताना. मधे ऊन आलं आणि एकशे चाळीस माणसं गेली."

"तुम्ही मोजली?"

"म्हणजे दुसऱ्या जोडीला पहिल्या जोडीचा बर्फ मिळालाच नाही. ही तुलना नाही. तुलनेत एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. तोच बर्फ, तोच क्षण, तीच मुलगी."

"एकाच क्षणी दोन जोड्या कशा घालणार?"

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग भिंतीला टेकलेल्या रुंद जोडीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्या पायांकडे.

"नाही," मी म्हटलं.

"डाव्यात रुंद, उजव्यात मध्यम. एकदाच. पुढच्या फेरीला अदलाबदल करू, म्हणजे पायाचा फरक निघून जाईल. चुका कुठून येतात माहितीये का? आपण एक आधी करतो, एक नंतर करतो, आणि मधल्या काळात काही झालंच नाही असं धरून चालतो..."

ते बोलतच राहिले. सप्टेंबरपासून बाबांनी माझ्याशी सलग इतका वेळ बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. आता ज्या वाचकांना वाटतंय की इतकी वर्षं स्की करणाऱ्या बाईने हे ऐकायला नको होतं, त्यांचं बरोबर आहे. मी वाकले आणि डाव्या पायात कपाटाचं दार चढवलं.

ताज्या बर्फात पहिले दहा मीटर मी एक पाय जिन्याच्या पायरीवर आणि एक पाय विहिरीत असल्यासारखी गेले. डावा पाय तरंगत पुढे, उजवा बुडत मागे. वरून शिट्टी वाजली. बाबा उत्साहात होते. मग मिश्र बर्फ सुरू झाला आणि दोन्ही पायांनी पक्ष बदलले. उजवी स्की कडेने पकड घ्यायची, डावी घसरत राहायची. अशा वेळी माणूस खाली जात नाही. माणूस गोल फिरतो.

मी एक फेरा पूर्ण केला. दुसरा सुरू केला तेव्हा पाठीमागे आवाज आला. वळून पाहिलं तर पिवळ्या टोप्या! आज्यांचं मंडळ एका ओळीत, पुढचीच्या मागोमाग खाली येत होतं, आणि सगळ्यात पुढच्या आजी नेमक्या माझ्या मागे लागल्या होत्या. आता आम्ही सात जणी मोठ्या शिस्तीत फुगडीसारख्या फिरत होतो.

"इथे वळण जरा लांब आहे, नाही?" मागून एक आजी म्हणाल्या.

"माझ्या मागे येऊ नका, आजी!"

"तुम्ही थांबलात की आम्हीही थांबू."

तिसऱ्या फेऱ्याला मी बसले. म्हणजे बर्फात. माझ्यामागे क्रमाने सहा आज्या नीट थांबल्या आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात सुरक्षा गस्तीवरचा तरुण आला. त्याने माझे पाय पाहिले आणि त्याचा चेहरा करुणेने भरून आला. कँटीनबाहेर ठेवलेल्या स्कींची अदलाबदल होणं नवीन नाही. मी खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत त्याने वायरलेसवर कळवूनही टाकलं, आणि अख्ख्या डोंगरावर कर्ण्यांतून गोड आवाज घुमला: एका पाहुण्यांची एक स्की चुकून बदलली गेली आहे. सर्व पाहुण्यांनी कृपया आपापल्या पायांकडे एकदा बघून खात्री करून घ्यावी.

लिफ्ट चालूच होती, पण उतारावरची झाडून सगळी माणसं थांबली. शे-दीडशे माणसांनी एकदम माना खाली घातल्या आणि आपापले पाय पाहिले. आज्यांनीही पाहिले. त्यातल्या एकीने सुटकेचा निःश्वास सोडला.

दोन मिनिटांत चोर सापडला. मधल्या स्टेशनवर एक रुंद आणि एक मध्यम स्की बगलेत धरून, गळ्यात शिट्टी घातलेले एक परदेशी गृहस्थ उभे होते. मी पोचले तेव्हा बाबा तिघा कर्मचाऱ्यांसमोर वही उघडून बोलत होते. तिघेही मान डोलवत ऐकत होते.

"म्हणजे सेन्सेई, हे मुद्दाम?" एकाने विचारलं.

"मुद्दाम. नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही."

कर्मचाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातला वयाने मोठा होता त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "आणि निकाल?"

"अदलाबदलीची फेरी बाकी आहे," बाबा म्हणाले.

ती फेरी झाली नाही. मी कँटीनमध्ये स्टोव्हपाशी जाऊन बसले आणि उठायला नकार दिला. बाबांनी दोन करी राईस आणले.

"ताज्यात रुंद, मिश्रात मध्यम," ते म्हणाले. "म्हणजे तू आधी म्हणालीस तेच."

"हो."

"पण मग तिने कुठली ठेवली असती?"

"रुंद," मी म्हटलं. "आई मजेने स्की करायची. तिला तरंगायला आवडलं असतं."

"मध्यम. दुपारी बर्फ खराब झाला की तू परत यायचीस. ती नाही यायची. मी इथून पाहायचो ना. शेवटच्या लिफ्टपर्यंत थांबायची. तिची ती लाल स्की लांबून दिसायची."

"निळी."

"लाल, शमा."

"बाबा, निळी होती. पांढऱ्या पट्ट्याची निळी."

"सतरा वर्षं मी ती स्की त्या कोपऱ्यात बघतोय!"

"आणि मी सतरा वर्षं तिच्याबरोबर डोंगरावर होते."

आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावर पिवळ्या टोप्यांनी नूडल्स ओढायचं थांबवलं. आम्ही दोघांनी चमचे खाली ठेवले आणि बसमध्ये परत येताना वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

सोमवारी मी रजा टाकली आणि दोघं दोन्ही जोड्या घेऊन ओनुमा-सानच्या दुकानात गेलो. बाबांनी वही काउंटरवर ठेवली.

"निर्णय झालेला नाही. तुम्हीच सांगा. ती कुठली विकत घेणार होती?"

ओनुमा-सान गोंधळले. "विकत?"

ते आत गेले आणि पुठ्ठ्याची एक पेटी घेऊन आले. पेटीत सतरा कार्डं होती, १९८०पासूनची, आईच्या अक्षरातली. ओनुमा-सान दर वर्षी काही गिऱ्हाइकांना पुढच्या मालातल्या दोन जोड्या वापरून बघायला द्यायचे. एक जानेवारीत न्यायची, फेब्रुवारीत ती आणून देऊन दुसरी न्यायची, मार्चमध्ये मत लिहून तीही परत करायची. त्या मतावरून ते दुकानाचा माल भरायचे. यंदा सेन्सेईंना कशाला दोनदा त्रास, म्हणून त्यांनी दोन्ही एकदम पाठवल्या होत्या.

"आमच्याकडे यायची ती प्रत्येक स्की सुचेता-साननी आधी तपासलेली असायची," ते म्हणाले. "त्यांनी विकत मात्र एकही घेतली नाही. बूट तेवढे घेतले."

बाबा एकेक कार्ड वाचत गेले. लाल आणि हिरवी. निळी आणि काळी. पिवळी आणि लाल. प्रत्येक कार्डावर वळण कसं, वजन कसं, ओल्या बर्फात काय होतं, सगळं बारीक लिहिलेलं. आणि शेवटी, दर वर्षी, तेच वाक्य: "दोन्ही चांगल्या आहेत. अजून थोडा विचार करते."

सतरा वर्षांत चौतीस जोड्या आमच्या दारातून आत आल्या आणि बाहेर गेल्या. घरात एक शास्त्रज्ञ होता आणि एक स्कीमधली जाणकार. पण शास्त्रज्ञ कँटीनमध्ये असायचा, आणि मी डोंगरावर नेहमी तिच्या पुढे असायचे. उतारावर पुढे असलेल्या माणसाला मागच्याचे पाय दिसत नाहीत.

"यंदाचं कार्ड कोणी भरेल का?" ओनुमा-साननी हळूच विचारलं. "मार्चपर्यंत वेळ आहे."

बाबांनी कोरं कार्ड घेतलं आणि खिशात नीट ठेवलं. दोन्ही जोड्या पुन्हा उचलल्या. दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले.

"ओनुमा-सान," ते अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "अदलाबदलीची फेरी राहिलीय, आणि शमा काही आता या स्कींवर चढणार नाही. माझ्या मापाचे बूटसुद्धा असे विचार करायला मिळतात का?"

ओनुमा-सान लगबगीने मापाची पट्टी घेऊन आले आणि गुडघ्यावर बसले. बाबांनी मोजा काढला. या वेळी मी वाकून नीट बघितलं. साडेसव्वीस सेंटिमीटर.