जवाईबापू बरोबर बोलले!

अश्वजितचं म्हणणं एकदम सोपं होतं. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत लोक हरतात, कारण तिथे अश्वजित नसतो!

मेहकरातल्या एका पतसंस्थेत तो कारकून होता. पण ती आपली पोटापुरती नोकरी. त्याचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. 'जोडी बोलली!' लागलं की तो सोफ्यावर मांडी घालून बसायचा आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा व्हायचा. पडद्यावरचा माणूस अडखळला, की याचा जीव कासावीस. "अबे, गोदावरी म्हन ना, गोदावरी! कायले गेला तिथं?"

करोडपती करणारे कार्यक्रम त्याला आवडत नसत. 'जोडी बोलली!'चं पहिलं बक्षीस होतं एकवीस हजार. "करोड डोक्यात बसतच नाई," तो बायकोला, समताला सांगायचा. "एकवीस हजार कसे, डोळ्यासमोर उभे राह्यतात!"

खरंच उभे राहायचे. त्याच्यासमोर इन्व्हर्टर होऊन, समतासमोर वॉशिंग मशीन होऊन. न जिंकलेल्या त्या पैशांवरून नवरा-बायकोत कडाक्याची भांडणंही झाली होती!

तर एके दिवशी पडद्याखालून पट्टी सरकत गेली. नावनोंदणी सुरू! दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता अश्वजितनं मोबाईलवर माहिती भरली. 'जोडीचा प्रकार' असं काहीतरी आलं, त्यातले बाकीचे सगळे रकाने भरलेले, एकच शिल्लक. एसटीत खिडकीची जागा दिसल्यावर माणूस रुमाल टाकतो तसं त्यानं त्यावर बोट टाकलं. वाचायला वेळ कोणाला होता!

आणि निवड झाली!

पतसंस्थेत पेढे वाटले गेले. शेषराव साहेब रजेचा अर्ज पाहून एरवी हिंगाची डबी उघडल्यासारखं तोंड करत, त्यांनी त्या दिवशी स्वतःहून विचारलं, "किती दिवस पाहिजे?" ग्रुपवर अश्वजितचा फोटो पडला. खाली लिहिलं होतं, 'मेहकरची शान'. बसस्टँडवरच्या चहावाल्यानं त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी वाहिनीवरून एका मुलीचा फोन आला.

"सर, एक विचारायचं होतं. सासूबाईंच्या साडीचा रंग कोणता असेल?"

"कोणाच्या?"

"सासूबाईंच्या. सेटचा रंग निळा आहे ना, म्हणून."

"नाही नाही, माझ्यासोबत मिसेस येतील."

"सर, तुमची निवड 'सासू-जावई विशेष' आठवड्यासाठी झालीय!"

अश्वजित सोफ्यावरच होता म्हणून बरं. उभा असता तर आडवा झाला असता!

आता यात एवढं घाबरायचं काय, असं कोणालाही वाटेल. तर अडचण अशी की समताची आई, डोणगावच्या कलाबाई, लग्न झाल्यापासून आजवर अश्वजितशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं. होता तो मान! जावई घरात आला की कलाबाईंचा पदर डोक्यावर आणि पाय स्वयंपाकघरात. जे काही सांगायचं ते समताच्या मार्फत. समता नसली तर माणिकरावांच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या मार्फत. एकदा तर घरात दोघंही नव्हते. तेव्हा कलाबाईंनी दारातल्या बकरीला विचारलं होतं, "पाहुन्याले च्या ठेवू का वो?" आणि अश्वजितनं मोठ्या आदरानं बकरीला सांगितलं होतं, "राहू द्या म्हना, आताच घेतला."

अशा सासूला घेऊन तो टीव्हीवर जोडीनं बोलणार होता!

"नाई म्हनून कळवून टाका," समता हसून हसून डोळे पुसत म्हणाली.

"ग्रुपवर फोटो पडला ना वो! आता नाई कसं म्हनू?"

रविवारी दोघं डोणगावला गेले. माणिकराव ओट्यावर सोयाबीन निवडत बसले होते. अश्वजितनं घसा साफ करून सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग आतून आवाज आला.

"समता, त्याहिले विचार, बक्षीस किती हाय?"

"एकवीस हजार, मामी!" अश्वजित भिंतीकडे पाहून म्हणाला.

"समता, त्याहिले सांग, येतो म्हना."

माणिकरावांच्या हातातलं सूप कलंडलं. "अवो! तू तं ग्रामसभेत तोंड उघडत नाई. टीव्हीत काय बोलशीन?"

"करोड असते तं मी गेलीच नसती," कलाबाई आतूनच म्हणाल्या. "करोड भेटलेल्या मानसाच्या घरी एक तं पोलीस येतात, नाईतं पाहुने! एकवीस हजारात मायी घरगुती चक्की येते. पिठाची. मेहकरच्या प्रदर्शनात पाह्यली मी. चालू करून पाह्यली."

म्हणजे न जिंकलेल्या पैशांत आता इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन आणि चक्की अशी तिघांची चढाओढ सुरू झाली!

तालीम दर रविवारी. खेळ असा होता, की आधी साधे प्रश्न, मग शेवटच्या फेरीत सासूला पडद्यावर एक शब्द दिसणार, तो शब्द न उच्चारता तिनं खाणाखुणा सांगायच्या आणि जावयानं तो ओळखायचा. असे तीन शब्द, वेळ एक मिनिट. तालमीत कलाबाई चुलीपाशी, अश्वजित ओट्यावर आणि मधल्या दारात समता.

"आई म्हनते, ते गोल असते."

"तिले विचार, खायचं का?"

"आई, खायचं का?"

"नाई म्हना. फिरते."

"नाई म्हनते. फिरते."

"जातं!"

"आई, जातं म्हनतात."

"जाते तं जाऊ दे, च्या पिऊन जा म्हना!"

माणिकराव मोबाईलवर वेळ लावून बसलेले. "अबे, पोया झाल्या, भाजी झाली, तुमचा एक शब्द हुन नाई राह्यला! अन् तिथं समता मधात नसन!"

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अश्वजितचा चेहरा उतरला. पण कलाबाईंनी विचार करून ठेवला होता. "ती पोरगी असते ना मधात उभी, माइक घेऊन? तिले सांगीन. ती सांगन त्याहिले."

पुण्याला तिघं गेली. समता प्रेक्षकांत बसली. मेकअपवाल्या मुलीनं कलाबाईंचा पदर डोक्यावरून खाली घ्यायचा प्रयत्न केला. कलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तीच दोन पावलं मागे सरकली!

दिवे लागले. सूत्रसंचालन करणाऱ्या नीरजा मॅडम हसत हसत आल्या. कलाबाईंनी हात जोडून खणखणीत "जय भीम!" केला, टाळ्या पडल्या, आणि अश्वजितला पहिला प्रश्न आला. महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं?

सोफ्यावर बसून हा प्रश्न त्यानं कितीदा तरी खाल्ला होता, भाजलेल्या शेंगांसारखा! पण इथे समोर सोफा नव्हता. समोर होते चार कॅमेरे आणि डोळ्यात घुसणारा उजेड. ताम्हण हा शब्द त्याच्या डोक्यातून असा पळाला, जसा वसुलीवाला दिसल्यावर खातेदार.

"गोदावरी!" अश्वजित म्हणाला.

"सर, फूल विचारलंय."

"हो. गोदावरीचं फूल."

अख्खा सेट हसला. अश्वजितला वाटलं, आत्ता दिवे गेले तर किती बरं होईल. त्यानं चोरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या नीरजा मॅडमला म्हणाल्या, "मॅडम, त्याहिले म्हना, पानी प्या. त्याहिले येते सगळं."

तो पाणी प्यायला. मग त्याला खरंच यायला लागलं! राजधान्या आल्या, शोध आले, सालं आली. शेवटची फेरी आली तेव्हा समोरच्या नाशिकच्या जोडीशी त्यांची बरोबरी झाली होती. नाशिककरांनी शेवटच्या फेरीत तीनपैकी दोन शब्द ओळखले. बरोबरी राहिली, तर पहिला प्रश्न न चुकलेली जोडी जिंकणार होती, म्हणजे नाशिक. आता यांनी तिन्ही ओळखले, तरच चक्की!

पडद्यावर, फक्त कलाबाईंना दिसेल असा, पहिला शब्द उमटला. छत्री.

"मॅडम, त्याहिले सांगा..."

"आजी, तुम्ही थेट त्यांनाच सांगा ना!"

"थेट कशी सांगू? जवाई हायेत ना ते!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळ काही टाळ्यांसाठी थांबलं नाही.

"त्याहिले म्हना, पावसात धरतात. त्याहीनं आमच्या घरी तीन विसरल्या!"

"छत्री!" अश्वजित ओरडला.

दुसरा शब्द आला. चष्मा.

"त्याहिले म्हना, हे काढून ठेवलं तं ते पेपर हातभर दूर धरतात!"

"चष्मा!"

अश्वजितला एकदम काहीतरी वाटलं. पदराआडून ही बाई इतकी वर्षं आपल्याला नीट पाहत होती! पण भारावून जायला वेळ नव्हता, तिसरा शब्द पडद्यावर होता. कोथिंबीर.

"हिरवी असते! भाजीवरून टाकतात! बाजारात भाजीवालीले फुकट मागतो आपन! अन् त्याहीच्या ताटात आली तं ते बोटानं येचून बाजूले ठेवतात!"

"सांबार!" अश्वजितनं उडीच मारली. "सांबार! सांबार!"

"बरोब्बर!" कलाबाईंनी टाळी वाजवली. प्रेक्षकांत समता खुर्चीवरून उठून नाचायला लागली. अश्वजित दोन्ही हात वर करून कॅमेऱ्याला नमस्कार करत होता. एवढ्यात टर्रर्र करून भोंगा वाजला. वेळ संपली!

"अरेरे," नीरजा मॅडम म्हणाल्या. "सांबार? इडलीबरोबर खातात ते? नाही सर, शब्द होता कोथिंबीर."

"तेच ना!" अश्वजित म्हणाला. "कोथिंबीर म्हंजे सांबारच!" पण इतकं हळू, की कोणालाच ऐकू गेलं नाही. गोदावरीच्या फुलानं त्याची हिंमत आधीच खाल्ली होती. तो खाली बसला.

आणि कलाबाई उभ्या राहिल्या.

"चूक कशी?" त्यांनी विचारलं. "काऊन चूक?"

"आजी, कार्डवर कोथिंबीर लिहिलंय."

"कार्ड लिहिनारा आमच्या बाजारात आला होता काय कधी? डोणगावात ये, मेहकरात ये, कुठीबी ये! सांबार माग, हिरवीगार जुडी भेटते का नाई पाह्य! तुमची इडली काल आली वो मॅडम, आमचा सांबार आजोबा-पंजोबापासून हाय! आमचे जवाई बरोबर बोलले!"

"हो, पण नियम..."

"नियम मले नका सांगू! जवाईबापू बरोबर बोलले!" बोलता बोलता त्यांचा पदर डोक्यावरून कधी सरकला ते त्यांनाही कळलं नाही. त्या गर्रकन अश्वजितकडे वळल्या. "अन् तू काऊन गप बसला? बोल ना बे, अश्वजित!"

प्रेक्षकांत समतानं तोंडावर हात ठेवला. 'त्याहिले'पासून 'बे'पर्यंत कलाबाई एका दमात पोचल्या होत्या, मधे कुठे थांबाच घेतला नव्हता!

अश्वजितचे डोळे भरून आले. म्हणजे आधी भरून आले आणि मग त्याला स्फुरण चढलं. "हाव मामी!" म्हणत तो उठला, आणि मग दोघांनी मिळून नीरजा मॅडमला असं काही धारेवर धरलं, की कॅमेरावाल्यांना चारही कॅमेरे यांच्याकडेच वळवावे लागले. मागच्या रांगेत अकोल्याकडची मंडळी होती. तीही उठून ओरडायला लागली, "सांबार! सांबार!" नाशिकच्या सासूबाई उठून म्हणाल्या, "द्या हो त्यांना, मला तर पटलं!" त्यांच्या जावयानं त्यांना हात धरून खाली बसवलं.

वरच्या खोलीत साहेब लोकांची बैठक झाली. निकाल आला. कार्डवर जे लिहिलंय तेच धरायचं. नाशिक पहिलं, डोणगाव-मेहकर दुसरं. दुसऱ्या नंबराला पाच हजार आणि पुरस्कर्त्या कंपनीकडून मसाल्यांचं खोकं. खोकं उघडून पाहिलं, तर वरच्याच थरात पाकिटं होती सांबार मसाल्याची!

पाच हजारांचा चेक पुठ्ठ्याचा होता, दाराच्या फळीएवढा. "हा फक्त फोटोसाठी आहे, पैसे खात्यात येतील," असं तिथल्या मुलानं दहा वेळा सांगितलं. पण कलाबाईंनी तो सोडला नाही. सकाळच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट पडन." कलाबाई म्हणाल्या, "बसू दे त्याले मांडीवर, लहान हाय तो!"

अश्वजितला वाटलं होतं, बसमध्ये बसल्यावर मामी पुन्हा पदर ओढून घेतील. त्यांनी ओढलाही. पण पुणं मागे पडायच्या आत पदराआडूनच प्रश्न आला, थेट. "सांबार काऊन काढतो रे भाजीतून? पोटाले चांगला असते." पुढे त्यांनी त्याच्या नोकरीचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, समता चिडते का ते विचारलं. लग्नात त्यानं बूट कसा उलटा घातला होता, तेही सांगितलं. जालन्याला बस थांबली तेव्हा अश्वजित झोपेनं पेंगत होता, आणि तरीही हसत होता. मागच्या सीटवर समता शांत झोपली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दोघांच्या मधे तिचं काही काम नव्हतं!

भाग दाखवला तेव्हा डोणगावात माणिकरावांच्या ओट्यावर सगळी आळी जमली होती. आणि दुसऱ्याच दिवशी अश्वजितला वाहिनीचा फोन आला.

"सर, तुमचा भाग लोकांना प्रचंड आवडला! पुन्हा बोलवायचं ठरलंय!"

अश्वजितची छाती फुगली. त्यानं हातानंच समताला गप्प केलं. "मला खात्री होतीच," तो भारदस्त आवाजात म्हणाला. "कधी येऊ?"

"सर, या वेळी 'विहिणी-विहिणी विशेष' आहे. तुमच्या सासूबाई आणि तुमच्या आई येऊ शकतील का?"

"...आणि मी?"

"तुम्ही प्रेक्षकांत बसू शकता सर! पास पाठवते ना!"

अश्वजितची आई महामायाबाई तोवर आतून साड्या घेऊन आली होती. बातमी भिंतीपलीकडेही ऐकू येते तिला! अश्वजितनं पडेल आवाजात डोणगावला फोन लावला.

"मामी, विहिणी-विहिणी बोलावलं. मी तालीम घ्यायले येतो रविवारी. शब्द मी काढून आनतो."

"शब्द राहू दे बे," कलाबाई म्हणाल्या. "ते आमी दोघी पाहून घेऊ. पन तू ये जरूर! पुन्याले गर्दी लय असते, पिशव्या धराले हुशार मानूस लागते!"