कोरड्या वाळूचं यंत्र

समुद्रात पाय बुडवण्याआधी बोटातली अंगठी काढून ठेवावी, हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत आणि निव्वळ काळजीपोटी घेतला. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठ्या निसटतात, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. खिशात ठेवावी तर खिसा फाटका. रुमालात बांधावी तर त्याच रुमालाने मी नाक पुसणार. (मी स्वतःला चांगला ओळखून आहे.) म्हणून मी ती बोटभर खोल वाळूत पुरली आणि खूण म्हणून शेजारी माझ्या चपला काढून ठेवल्या. उभा जन्म रेकॉर्ड विभागात गेलेल्या माणसाला वस्तूपेक्षा वस्तूच्या खुणेवर जास्त भरवसा असतो.

पाण्यातून परत आलो तर चपला भलतीकडेच.

"उन्हात तापत होत्या, म्हणून शेडखाली ठेवल्या," बायको म्हणाली. "भाजले असते ना पाय!"

"आधी कुठे होत्या?"

"कुठे म्हणजे? वाळूत!"

वाळू नजर पोचेल तिथवर पसरली होती. पाय धुण्याच्या, वाळवण्याच्या आणि पुन्हा मळवण्याच्या निमित्ताने मी जमेल तेवढी उकरली. अंगठी नाही ती नाहीच.

आता ही अंगठी साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी. ती सासऱ्यांनी लग्नात दिलेली. सासरे निवृत्त हेडमास्तर, आणि ते रविवारी आमच्याकडे मुक्कामाला येणार होते. आले की आधी माझा हात हातात घेऊन अंगठी निरखायची आणि मगच "कसं काय?" विचारायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मी घाबरलो. साफ घाबरलो. बायकोला सांगायची सोय नव्हती, कारण मी आजवर हरवलेल्या छत्र्या, किल्ल्या आणि तिच्या बहिणीची एक आख्खी बॅग तिला तोंडपाठ आहे. मी रिकाम्या बोटाला पट्टी बांधली आणि दाराच्या फटीत बोट सापडलं असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर, तंबू आणि मासेमारीचे गळ विकणारं एक दुकान गाठलं. तिथे मेटल डिटेक्टर मिळतात असं कळलं होतं.

"नवशिक्याला जमेल असं, स्वस्तातलं काही आहे का?" मी विचारलं.

"कुठे वापरणार?" दुकानदार म्हणाला.

"समुद्रावर."

"कोरड्या वाळूत की ओल्या?"

"ते भरतीवर अवलंबून आहे," मी म्हणालो आणि मला घाम फुटला.

"साहेब, ओल्या खाऱ्या वाळूत स्वस्त यंत्र नुसतं बोंबलतं. मिठालाच धातू समजतं ते. ओल्यासाठी हे घ्या."

त्याने दाखवलेल्या यंत्राची किंमत ऐकून मी ते दोन्ही हातांनी, अगदी अलगद, होतं तिथे ठेवलं.

"आणि फक्त कोरड्यासाठी?"

"मग हे. खालची तबकडी भिजली तरी चालते, वरची पेटी मात्र भिजवायची नाही. हे बटण फिरवलं की लोखंड वगळतं, म्हणजे खिळ्यांवर, झाकणांवर वाजत नाही. फार पुढे नेऊ नका, नाहीतर सोन्यालाही कचरा समजेल. शोधायचंय काय?"

"काही नाही. छंद."

त्याने माझ्या पट्टीकडे पाहिलं. "छंदवाल्यांना इतका घाम येत नाही, साहेब. लग्नातली का?"

मी मान हलवली. नवीन बुटांसाठी बाजूला काढलेल्या पैशांत यंत्र जेमतेम बसलं.

ते लांबलचक खोकं काखेत मारून, आवाज न करता घरात शिरायचा माझा बेत होता. पण दार उघडलं ते खुद्द सासऱ्यांनी! रविवारची वाट न बघता ते आधीच येऊन थडकले होते.

"या, जावईबापू! हे काय आणलंत?"

"मेटल डिटेक्टर. छंद म्हणून."

"तुम्हाला? छंद?" आतून बायकोचा आवाज आला.

सासऱ्यांनी सवयीने माझा हात हातात घेतला. "बोटाला काय झालं?"

"स्टेपलर लागला," मी घाईघाईने म्हणालो.

"काल तर दाराच्या फटीत सापडलं म्हणत होतात!" बायको बाहेर आली.

"आधी दार. मग त्यावर स्टेपलर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला, आत्ताच बघू हे कसं चालतं ते."

झालं! चोरून करायचा शोध मी सहकुटुंब करायला निघालो. समुद्रावर यंत्र सुरू केलं मात्र, ते किंचाळलं. उकरलं तर बाटलीचं झाकण. पुन्हा किंचाळलं, खिळा. मग एक चमचा, मग आणखी झाकणं. दर वेळी सासरे वाकून बघत होते आणि दर वेळी माझा अर्धा जीव जात होता. शेवटी मी बटण फिरवून लोखंड वगळून टाकलं. यंत्र एकदम शांत झालं. इतकं शांत, की ते बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा हलवून पाहिलं.

शेडभोवती मी वेड्यासारख्या फेऱ्या मारल्या. तेवढ्यात भरती चढू लागली. पाणी कोरड्या वाळूकडे सरकत होतं आणि माझं यंत्र फक्त कोरड्याचं! एक लाट जवळ येऊन गेली आणि माझा धीर सुटला.

"बाबा," मी म्हणालो, "बोटाला काही झालेलं नाही. तुम्ही दिलेली अंगठी हरवली. इथेच. माझं चुकलं."

बायकोने कमरेवर हात ठेवले. सासरे ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "ते बटण कशावर आहे?"

"लोखंड वगळलंय."

"चालू करा."

"अहो बाबा, सोनं शोधतोय आपण! लोखंड कशाला?"

"चालू करा म्हणतो ना!"

हेडमास्तरांचा आवाज तो. मी केलं. चार पावलांवर यंत्र वाजलं, बायकोने मूठभर वाळू उपसली आणि वर आली माझी अंगठी! मला रडूच यायचं बाकी होतं. पट्टी फेकून मी ती बोटात घातली. आणि मग, जरा वेळाने, डोक्यात प्रकाश पडला. मी हात यंत्राखाली धरला. लोखंड चालू केलं, वाजलं. वगळलं, गप्प. पुन्हा चालू, पुन्हा वाजलं.

"बाबा?" बायको म्हणाली.

सासऱ्यांनी घसा साफ केला. "आत लोखंड, वरून मुलामा. तेव्हा म्हटलं, आधी जावई कसा निघतो ते बघू. चांगला निघाला की सोन्याची करून घालू."

"पण लग्नाला आता इतकी वर्षं झाली!" मी म्हणालो.

"झाली ना," ते म्हणाले. "अजून बघतोय."

मी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"घाई करू नका, बाबा," ती म्हणाली.